डोळ्यामागची सुई : लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या सव्वीस वर्षांच्या वैद्याची हकिकत पाहिली. कोकेनच्या द्रावणाने प्रथम बेडकाचा आणि अखेरीस स्वतःचा डोळा बधिर करून त्याने त्यास टाचणीच्या माथ्याने स्पर्श करून पाहिला होता. परंतु हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यपरिषदेस जाण्याइतका पैसा गाठी नसल्यामुळे १५ सप्टेंबर १८८४ रोजी त्याचा निबंध तेथे दुसऱ्याच वैद्याने वाचला. थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो. डोळा हलविणारे स्नायू मात्र जागेच राहतात. त्यांना निजवावयाचे तर औषध नेत्रगोलाच्या मागे पोचले पाहिजे, आणि तेथे पोचण्यास सुईवाचून दुसरा मार्ग त्या काळी दिसत नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे हेर्मान नॅप यांनी तो अवलंबिला.

हा मार्ग किती चिंचोळा आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. डोळ्याच्या खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर पदार्थ मावतो व त्यांपैकी सुमारे ७ मिलिलिटर जागा एकटा नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत मेदाच्या मऊ गादीत दृष्टिचेता, रोहिण्या, नीला आणि सहा स्नायू अशी दाटीवाटीने वस्ती करून असतात की, सुई अंगुळभर आत गेली म्हणजे तिच्या टोकाचा शेजार कोणाचा आहे हे केवळ हाताच्या अदमासाने सांगणे कठीणच. नेत्रगोलास भोक पडणे, मागे रक्तस्राव होणे, किंवा औषध दृष्टिचेतेच्या आवरणातून मेंदूकडे जाऊन श्वासच थांबणे, हे अपघात विरळा असले तरी ज्याच्यावर ओढवतात त्याच्या दृष्टीने त्या विरळपणाला काही किंमत नसते.

अ‍ॅटकिन्सन या अमेरिकन नेत्रवैद्याने १९३६ साली या इंजेक्शनाची जी पद्धत घालून दिली, तीत रुग्णाने वर व नाकाकडे पाहावे अशी सूचना होती, आणि ती वहिवाट पुढे चार दशकांहून अधिक काळ निर्वेधपणे चालली. १९८१ साली सीटी स्कॅनच्या साहाय्याने तपासणी झाली तेव्हा असे उघडकीस आले की, डोळा तसा वळविला म्हणजे दृष्टिचेता नेमकी सुईच्या वाटेत येते. तेव्हापासून रुग्णास सरळ समोर पाहावयास सांगतात. आंधळ्या सुईची वहिवाट केवळ अनुभवाच्या दाखल्यावर किती काळ टिकून राहू शकते याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सुईची ही आंधळी वाट अगोदर पाहता यावी, यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे (अल्ट्रासाउंडचे) महत्त्व आहे. साधारणपणे १० मेगाहर्ट्झ कंपनांचा हा ध्वनी नेत्रगोलात सेकंदाला सुमारे १५५० मीटर वेगाने जातो. चोवीस मिलिमीटर लांबीच्या डोळ्याच्या मागील भिंतीवरून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एकतीस लागतात, आणि एवढ्या काळाच्या मोजमापावरून यंत्र डोळ्याची लांबी सांगते. याला ए-स्कॅन म्हणतात. बी-स्कॅन नुसती लांबी न सांगता डोळ्याचा आकारच पडद्यावर उमटवितो. सर्वसाधारण डोळा तेवीस-चोवीस मिलिमीटर लांब असतो. अतिशय मोठ्या उणे नंबराचा डोळा सव्वीसच्याही पुढे जातो, आणि त्याच्या पातळ झालेल्या मागील भिंतीस कित्येकदा एका बाजूस फुगवटा येतो. सुई ज्या ठिकाणी मोकळी जागा आहे असे समजून शिरते, त्याच ठिकाणी तो फुगवटा असू शकतो. एका रेषेत मोजणाऱ्या ए-स्कॅनला तो निसटेल. बी-स्कॅनला बहुधा दिसेल.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मिटलेल्या पापणीवर जेल लावून यंत्राचा प्रोब ठेवायचा, आणि सुई शिरत असताना तिचा प्रवास व औषधाचा पसरणारा काळसर डोह पडद्यावर प्रत्यक्ष पाहावयाचा. कल्पना मोहक आहे, पण दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. ध्वनीचा पट्टा पातळ असल्याने त्यातून सुईचे टोक निसटते व तिची मधली काडीच टोक म्हणून दिसू शकते. अशा वेळी पाहणारा न पाहणाऱ्याहून अधिक धोक्यात असतो, कारण त्याला आपण पाहतो आहोत असे वाटत असते. दुसरे, पोट तपासावयाच्या शक्तीचा ध्वनी डोळ्यावर सोडता कामा नये: ध्वनीच्या यांत्रिक आघाताचा धोका दर्शविणाऱ्या यांत्रिक निर्देशांकाची जी मर्यादा अमेरिकेच्या औषधनियामक खात्याने इतर अवयवांसाठी १.९ ठेवली आहे, ती डोळ्यासाठी ०.२३ आहे. यंत्र डोळ्याच्या तपासणीसाठी लावल्याशिवाय पापणीस टेकवू नये.

प्रत्येक मोतीबिंदूस हा सारा खटाटोप करावा असे मी म्हणणार नाही. पुष्कळ शस्त्रक्रिया आज केवळ थेंबांवर होतात, आणि जेथे इंजेक्शन लागते तेथेही बोथट नळीने नेत्रगोलाभोवतीच्या टेनॉनच्या आवरणाखाली औषध सोडण्याचा मार्ग खुला आहे. परंतु आपल्याकडे अनेक रुग्णालयांत व शिबिरांत सुईनेच बधिरता आणतात, आणि तेथे मला सर्वांत मोलाची वाटते ती नवी यंत्रे नव्हेत, तर केसपेपरवर अगोदरच लिहिलेला एक आकडा होय. कृत्रिम भिंगाचा नंबर काढावयाचा म्हणून डोळ्याची लांबी बहुधा मोजलेलीच असते. ती भिंगाच्या रकान्यात पडून राहते, आणि सुई धरणाऱ्याने ती वाचलीच असेल याची खात्री देता येत नाही. भूल देण्यापूर्वी तो आकडा मोठ्याने वाचून दाखविण्याची तजवीज करावयास खर्च काहीही नाही. आणि तो सव्वीसच्या वर असेल, तर बी-स्कॅन करावा आणि बोथट नळीचा विचार आधी करावा.

वाचकांस एक विनंती आहे. तुमच्या घरातील कोणाचा चष्मा पूर्वी मोठ्या उणे नंबराचा असेल आणि पुढे लेसरने तो गेला असेल, तर डोळ्याची लांबी तशीच राहिलेली असते, हे ध्यानात ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस जाताना तो जुना नंबर कागदावर लिहून न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्या.