तोच संदेश पुन्हा पाठवला तर?

बँका आणि पेमेंट कंपन्यांच्या संगणक विभागात काम करणाऱ्या तरुणांच्या तोंडी ‘ट्रॅफिक रिप्ले’ हा शब्द वारंवार येतो. विषय तांत्रिक वाटला तरी आपल्या रोजच्या पैशांशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून हे टिपण.

एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्राकडून बँकेच्या ‘स्विच’कडे संदेश जातो आणि मंजुरी किंवा नकार परत येतो. हे संदेश छोट्या छोट्या पॅकेटांतून प्रवास करतात. वायरशार्क किंवा टीसीपीडम्प या साधनांनी ती पॅकेटे फाइलमध्ये नोंदवता येतात आणि टीसीपीरिप्लेने तीच पुन्हा जाळ्यात सोडता येतात. नवीन फायरवॉल बसवण्यापूर्वी खऱ्यासारख्या वाहतुकीवर तिची चाचणी घ्यायला हे फार उपयोगी पडते.

नेहमीची तक्रार अशी, की काल व्यवस्थित चाललेली पॅकेटे आज पाठवली, तर समोरून उत्तरच येत नाही. अशा वेळी ताळा जुळत नसताना आपण जसे एकेक नोंद तपासतो, तसेच क्रमाने जावे.

१. नोंद पूर्ण आहे का? नोंदवताना पॅकेटाच्या लांबीवर मर्यादा घातली असेल, तर शेपूट कापले जाते. अर्धे पत्र पाठवून उत्तर कसे येणार?

२. पत्ते बरोबर आहेत का? फाइलमध्ये जुन्या यंत्रांचे आयपी आणि मॅक पत्ते असतात. चाचणीच्या जाळ्यातले पत्ते त्यांच्या जागी घालावे लागतात.

३. चेकसम जुळतो का? पत्ता बदलला की ही पडताळणीची बेरीजही नव्याने करावी लागते. शिवाय पाठवणाऱ्या यंत्रावरच नोंद केली असेल, तर ती मुळातच चुकीची दिसू शकते, कारण पुष्कळदा ही बेरीज शेवटी नेटवर्क कार्ड करते.

४. संभाषण जिवंत आहे का? टीसीपीमध्ये प्रत्येक जोडणीच्या वेळी दोन्ही बाजू नवा आरंभ-क्रमांक निवडतात. जुन्या पॅकेटात कालचे क्रमांक असतात, म्हणून सर्व्हर ती नाकारतो. टीसीपीरिप्ले फक्त पॅकेटे सोडते, समोरच्याचे ऐकून उत्तर बदलत नाही. मधल्या उपकरणाची चाचणी त्याने होते, पण सर्व्हरशी बोलणे होत नाही.

५. संदेशाच्या आत काय आहे? कार्ड व्यवहारांच्या आयएसओ ८५८३ पद्धतीत प्रत्येक संदेशाला सहा आकडी क्रमांक, तारीख आणि वेळ असते. तोच क्रमांक पुन्हा आला, तर स्विच तो दुबार समजतो. पिन वेगळ्या किल्लीने कुलूपबंद असेल, तर चाचणी यंत्रणेला तो उघडताच येत नाही. आणि ग्राहकांचे खरे कार्ड क्रमांक चाचणीत वापरायचे नसतात, हा नियम आहे.

चौथ्या-पाचव्या पायरीवर उत्तर न येणे हा दोष नव्हे, ती सुरक्षा आहे. एकदा वटलेला चेक पुन्हा खिडकीवर आला, तर आपण पैसे देत नाही, कारण त्या क्रमांकाची नोंद खात्यात झालेली असते. जुन्या मॅग्नेटिक पट्टीच्या कार्डात हीच सोय नव्हती. पट्टीवरची माहिती कायम तीच, त्यामुळे एकदा उतरवून घेतली की नक्कल चालायची. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलायला सांगितले होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. नक्कल केलेली कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. चोरांनी खोटा स्विच मधे घातला होता. मंजुरीची विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती आणि ‘मंजूर’ हे उत्तर परस्पर जात होते. हा निव्वळ रिप्ले नव्हता, पण धडा तोच: संदेश खरा दिसतो म्हणून भागत नाही, तो खातेवहीशी जुळला पाहिजे.

उधना-लिंबायतचा दुकानदार असो की रिंग रोडचा कापड व्यापारी, त्यालाही हे लागू आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर ‘पैसे गेले’ असा स्क्रीनशॉट दाखवते. तो कालच्या खऱ्या व्यवहाराचाही असू शकतो, म्हणजे रिप्लेच. त्यामुळे गिऱ्हाइकाचा मोबाईल पाहू नये. आपल्या अॅपमध्ये किंवा बँकेच्या संदेशात रक्कम, वेळ आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक पाहावा. तो क्रमांक आधी येऊन गेलेला नाही ना, हेही तपासावे. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.