शाळांचें नेतृत्व आणि शिक्षकाचें स्वातंत्र्य

एका शाळेचा मुख्याध्यापक आपल्या प्रत्येक वर्गांत जाऊन बसूं शकतो. परंतु ज्याच्या देखरेखीखालीं शेंकडों शाळा आहेत, त्याला तें शक्य नाहीं. मग अशा अधिकाऱ्यानें अध्यापनाचा दर्जा वाढवावा तरी कसा? अमेरिकेंतील शिकागो शहरांत एला फ्लॅग यंग या विदुषीनें या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें, तें आजही मननीय आहे.

अमेरिकेंत सार्वजनिक शाळांचा कारभार स्थानिक शिक्षणमंडळाकडे असतो, आणि मुख्य अधिकारी म्हणून मंडळ एक सुपरिंटेंडेंट नेमतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहरें झपाट्यानें वाढलीं, शाळा वाढल्या, आणि कारभाराचा एक सोपा मार्ग रूढ झाला. अभ्यासक्रम वरून यावा, निरीक्षकानें तो तपासावा आणि शिक्षकानें निमूटपणें पार पाडावा! बाहेरून शिस्त दिसे. आंत मात्र शिक्षक गिरणींतील कामगारासारखा होऊन बसे.

यंगबाई १८६२ सालीं, १७ वर्षांच्या असतांना, शिकागोंत शिक्षिका झाल्या. पुढें शहरांतील एका विभागाच्या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. परंतु सर्व सत्ता एका हातीं एकवटण्याची वरिष्ठांची रीत न पटल्यामुळें १८९९ मध्यें त्यांनीं तें मोठें पद सोडलें. शिकागो विद्यापीठांत जॉन ड्यूई यांच्या मार्गदर्शनाखालीं अभ्यास करून १९०० सालीं, वयाला ५५ वर्षें झालीं असतां, त्यांनीं डॉक्टरेट मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शाळेंतील एकटेपण. एक शिक्षक दुसऱ्यापासून तुटलेला, आणि सर्वच शिक्षक निर्णय घेणाऱ्यांपासून तुटलेले! ज्याला स्वतः विचार करण्याची मुभा नाहीं, तो मुलांना विचार करावयास कसा शिकवील? यावर त्यांनीं सुचविलेला उपाय म्हणजे शिक्षकांच्या सभा. उदाहरणार्थ, गणितांतील एखादा भाग मुलांना कोणत्या इयत्तेंत झेपतो, हें कचेरीपेक्षां वर्गांत अधिक चांगलें कळतें. तेव्हां शिक्षकांनीं त्यावर मोकळेपणानें चर्चा करावी आणि आपलें मत वर कळवावें. मात्र अंमलबजावणीची जबाबदारी अधिकाऱ्याचीच राहील. चर्चा अनेकांची, उत्तरदायित्व एकाचें, असा हा विवेक होता.

१९०९ मध्यें यंगबाई शिकागोच्या सुपरिंटेंडेंट झाल्या. अमेरिकेंतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचें प्रमुखपद प्रथमच एका स्त्रीकडे आलें. दुसऱ्याच वर्षीं राष्ट्रीय शिक्षणसंघाच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. पण मंडळांतील कांहीं सभासदांशीं त्यांचे खटके उडत राहिले, आणि १९१३ च्या डिसेंबरांत त्यांच्या जागीं दुसऱ्याची निवड झाली. तेव्हां शिक्षिका व नागरिक स्त्रिया निषेधासाठीं पुढें सरसावल्या. इलिनॉय राज्यांतील स्त्रियांना त्याच वर्षीं नगरपालिकेच्या निवडणुकींत मताधिकार मिळाला होता. त्यांच्या शब्दाला आतां वजन होतें. कांहीं दिवसांतच यंगबाई पुन्हां त्या पदावर आल्या आणि १९१५ अखेर निवृत्त झाल्या.

केवळ हुकूम काढून त्यांनीं काम करून घेतलें असतें, तर त्या संकटांत त्यांच्यामागें कोण उभें राहिलें असतें? शाळांचा उत्कर्ष परिपत्रकानें होत नाहीं. तो वर्गांत, शिक्षक आणि मूल यांच्यामध्यें, घडतो. नेत्याचें काम एवढेंच कीं, तेथें विचाराला वाव ठेवावा आणि त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.