गोळी चालू आहे, पण रक्तात किती?

धार-देवासहून मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी इंदूरला जाणाऱ्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झटके येऊ नयेत म्हणून अशा रुग्णाला पुष्कळदा फेनिटॉइन देतात. रक्तात त्याचे प्रमाण साधारणतः दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. कमी पडले तर झटका येऊ शकतो. वाढले तर झोक जातो, एकाचे दोन दिसतात, सुस्ती येते. घरच्यांना वाटते, गाठच बळावली! डोस थोडा वाढवला तरी हे प्रमाण एकदम चढू शकते. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोननेही ते बदलते. म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितल्यास सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. गोळी आपल्या मनाने वाढवू नये, बंद तर मुळीच करू नये.