सायकलीला वाट

वसईच्या खाडीच्या उत्तरेस उमेळे हे गाव वसले आहे. खाडीकाठचा हा मुलूख सपाट आहे. येथे डोंगराचा चढ नाही की घाटाचे वळण नाही. शाळा, बाजार आणि नायगावचे रेल्वे स्थानक यांसाठी येथील माणसांना फार दूर जावे लागत नाही. अशा गावाला सायकलीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. माणूस पायी तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सायकलीवर तोच माणूस फारसा न थकता बारा ते पंधरा किलोमीटर जातो. पायी अर्ध्या तासाची वाट सायकलीने दहा मिनिटांत सरते. सायकलीला इंधन लागत नाही, तिचा धूर होत नाही आणि एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली मावतात.

असे असूनही पुष्कळ आईवडील मुलांना सायकलीवरून शाळेत पाठविण्यास कचरतात. सायकल विकत घेता येत नाही, हे त्याचे एकमेव कारण नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. परंतु सायकल हाती आली, तरी रस्त्याचे भय उरतेच. सायकल घरची असते. पण ती ज्या रस्त्यावरून जाते, तो रस्ता साऱ्या गावाचा असतो. म्हणून सायकल चालविणाऱ्यांची संख्या वाढवावयाची असेल, तर त्या कामी गावाच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने किंवा महानगरपालिकेने, पुढे आले पाहिजे.

मराठी माणसाला सायकल नवी नाही. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकलीला 'पायगाडी' असेही म्हणत. पुढे पुणे हे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. विद्यार्थी, कारकून, कामगार आणि प्राध्यापक सारेच सायकलीवरून जात. कालांतराने स्कूटर व मोटारी वाढल्या, रस्त्यांवर गर्दी झाली आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला.

पुणे महानगरपालिकेने ही स्थिती पालटण्याचे प्रयत्न केले. २००६ सालानंतर काही मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आले. परंतु हे मार्ग सलग नव्हते. कोठे मध्येच झाड किंवा विजेचा खांब येई, कोठे वाहने उभी राहत, तर कोठे चौक येताच मार्ग संपून जाई. जेथे सायकलस्वाराला आधाराची सर्वांत अधिक गरज, नेमका तेथेच तो एकटा पडे. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्व शहरासाठी सायकल आराखडा संमत केला. त्यात ८०० हून अधिक किलोमीटर मार्गांचे जाळे आखलेले होते. त्याच सुमारास भाड्याने सायकली देण्याची सोयही सुरू झाली. पण पुष्कळ सायकलींची मोडतोड झाली आणि ती सोय फार काळ टिकली नाही. आराखडा कागदावर काढणे सोपे, तो रस्त्यावर उतरविणे आणि पुढे जपणे कठीण, हा धडा पुण्याने दिला.

असाच धडा युरोपातील नेदरलँड्स या देशालाही शिकावा लागला. आज हा देश सायकलींसाठी जगात प्रसिद्ध आहे. परंतु तो आरंभापासून तसाच होता, असे नाही. तेथेही मोटारी वाढल्या. १९७१ या एका वर्षात तेथील रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईवडील रस्त्यावर उतरले व मुलांना सुरक्षित वाट द्या, अशी मागणी त्यांनी केली. १९७३ साली खनिज तेलाची टंचाई झाली आणि मोटारीवाचून चालण्याचा विचार सरकारलाही करावा लागला.

मग हेग आणि टिलबर्ख या दोन शहरांत प्रत्येकी एक उत्तम सायकलमार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या. पण सबंध शहरातील सायकलस्वारांची संख्या फारशी वाढली नाही. घरापासून त्या मार्गापर्यंत पोहोचण्याची वाट पूर्वीसारखीच बिकट राहिली होती. पुढे डेल्फ्ट या लहान शहराने निराळा उपाय योजला. तेथे एकच थोर मार्ग न बांधता लहानमोठ्या वाटांचे जाळे विणण्यात आले. जेथे वाट तुटत होती तेथे पूल, बोगदा किंवा जोडरस्ता करून ती सांधली. तेव्हा सबंध शहरात सायकलीचा वापर वाढला.

याचे मर्म सायकलीच्या साखळीतच दिसून येते. साखळीचा एक दुवा निखळला, तर बाकीचे सारे दुवे चांगले असूनही चाक फिरत नाही. शाळेच्या वाटेचेही तसेच आहे. सारा रस्ता चांगला आणि एकच चौक धोक्याचा असला, तरी आई मुलीला सायकलीवर पाठवीत नाही.

तो दुवा सांधण्यास दरवेळी मोठा खर्च लागतो असे नाही. शाळेजवळ वाहनांचा वेग कमी करणे हा पहिला उपाय होय. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी ४० किलोमीटर वेगाच्या मोटारीचा आघात ताशी २० किलोमीटर वेगाच्या मोटारीहून कितीतरी भयंकर असतो. रस्त्यावर गतिरोधक बांधणे, खड्डे बुजविणे, रात्री दिवे लावणे, कडेचे अडथळे हटविणे, स्थानकापाशी छपराखाली सायकली ठेवण्याची सोय करणे आणि रस्त्याकडेला सावलीची झाडे लावणे, ही सारी आवाक्यातील कामे आहेत.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार रस्ते नीट ठेवणे, दिवाबत्ती करणे व रस्त्यांवरील अडथळे दूर करणे ही प्रत्येक महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. तेव्हा सुरक्षित वाट मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. परंतु कोणता चौक धोक्याचा आहे आणि पावसाळ्यात पाणी कोठे साचते, हे त्या वाटेने रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते. उमेळ्यासारख्या गावातील मुलांनी घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला, त्यावर धोक्याच्या जागा दाखविल्या आणि शिक्षकांच्या सहीने तो महानगरपालिकेकडे धाडला, तर कारभाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होईल.

नागरिकांचेही कर्तव्य आहेच. सायकलींसाठी राखलेल्या जागेत मोटार उभी न करणे, डाव्या बाजूने जाणे आणि सार्वजनिक सायकलींची नासधूस न करणे, हे ज्याचे त्यानेच पाळावयाचे असते. वाट बांधणे हे नगराचे काम आणि ती मोकळी राखणे हे नागरिकांचे. दोघांनी आपापला वाटा उचलला, म्हणजे अकरा वर्षांची मुलगी दप्तर पाठीला लावून निर्भयपणे सायकलीवरून शाळेत जाऊ शकते. गावाचा कारभार चांगला आहे की नाही, याची परीक्षा अशा वाटेवरच होते.