भाडे वसूल करणारा चित्रकार

चित्रकला हा पोट भरलेल्यांचा उद्योग, असे आपल्या वस्त्यांतून आजही ऐकू येते. मुलगा शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत पास होतो, घरचे कौतुक करतात आणि नोकरीला लागला की रंगपेटी पोटमाळ्यावर जाते. मुलीची तर लग्नाआधीच जाते. अशा बंधू-भगिनींनी इंग्लंडच्या लॉरेन्स स्टीफन लाउरी यांची हकिकत अवश्य समजून घ्यावी.

लाउरी यांचा जन्म १८८७ साली मँचेस्टरजवळ झाला. १९१० ते १९५२ अशी बेचाळीस वर्षे त्यांनी घरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. काम काय, तर कामगार वस्त्यांतून दारोदार फिरून भाडे वसूल करणे आणि कचेरीत हिशेब लिहिणे. चित्रकला ते शिकले रात्रीच्या वर्गात. १९०५ पासून जवळजवळ वीस वर्षे हे शिक्षण चालले.

१९०९ साली घरची परिस्थिती खालावली आणि कुटुंब चांगली वस्ती सोडून पेंडलबरीच्या गिरणी भागात आले. तरुण लाउरींना ती धुराडी, ती गर्दी नकोशी वाटे. एके दिवशी त्यांची गाडी चुकली. स्टेशनवरून पाहतात तो समोरची गिरणी सुटलेली आणि माणसांचा लोंढा घराकडे निघालेला. रोज तिटकारा येणारे ते दृश्य त्या दिवशी मनात रुतले आणि जन्मभराचा विषय सापडला. मुंबईच्या जुन्या गिरण्यांतील बहुतेक यंत्रे लँकेशायर या त्याच परगण्यातून आली होती. त्यामुळे 'कमिंग फ्रॉम द मिल' (१९३०) हे त्यांचे चित्र लालबाग-परळच्या माणसाला परके वाटणार नाही.

१९२८ च्या एका चित्रात घराबाहेर काढलेल्या कुटुंबाचे सामान रस्त्यावर पडले आहे. हे चित्र काढणारा हात भाडे मागणाऱ्याचाच होता, हे आठवले की मन अस्वस्थ होते. पण दारात उभे राहून जे दिसले ते त्यांनी लपवले नाही, हे मोठेच.

१९३२ मध्ये वडील वारले, आई अंथरुणाला खिळली. दिवसा नोकरी, संध्याकाळी आईची शुश्रूषा आणि ती झोपल्यावर रात्री दहापासून दोनपर्यंत चित्रे, असा त्यांचा क्रम होता. १९३९ साली लंडनमध्ये पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याच वर्षी आई गेली. पुढे कीर्ती झाली तरी आपली नोकरी त्यांनी कलाजगतापासून झाकून ठेवली, कारण लोक 'रविवारचा चित्रकार' म्हणून हिणवतील ही भीती. खरे तर लपवण्याजोगे त्यात काहीच नव्हते. त्यांचे 'गोइंग टू द मॅच' हे १९५३ चे चित्र २०२२ साली अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना विकले गेले.

नव्याने हात घालणाऱ्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट लगेच उचलावी. लाउरी फक्त पाच रंग वापरत: काळा, पांढरा, लाल, प्रशियन निळा आणि पिवळ्या मातीचा, म्हणजे यलो ऑकर. पोस्टर कलरच्या एवढ्याच बाटल्या आणा. बारा रंगांच्या पेटीचा मोह नको. काळ्यात यलो ऑकर मिसळला की मळकट हिरवा मिळतो, गिरणीच्या भिंतीवरच्या शेवाळासारखा. फिका रंग हवा असेल तर आधी पांढरा घ्या आणि त्यात गडद रंग थेंबाथेंबाने टाका. उलटे केले तर पांढऱ्याची बाटली दोन दिवसांत संपेल. लाउरींचा पांढरा शिशाचा, म्हणजे विषारी होता. घरात लहान मुले असताना तो मुळीच नको. हल्लीचा टायटॅनियमचा पांढरा चांगला.

लाउरी कामावर फिरताना हाताशी असेल त्या लिफाफ्याच्या मागेही रेखाटत. आपल्याला पाठकोरे कागद आणि बॉलपेन पुरेल. गाडीतला माणूस हलतो, म्हणून नाक-डोळ्यांच्या मागे लागू नका. पाठ किती वाकली आहे, पिशवीचे वजन कोणत्या खांद्यावर आहे, एवढेच चार रेषांत धरा. घरी आल्यावर त्यातले एकच माणूस मोठे करून रंगवा. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय वर ब्रश घासू नका. पोस्टर कलर पुन्हा भिजतो आणि चिखल होतो.

काम झाल्यावर ब्रश पाण्याच्या ग्लासात उभा ठेवू नका. धुऊन, केसांना टोक काढून आडवा वाळवा. बरीच वर्षे टिकेल.