भिंतीवरची नावं

पन्नाशी उलटलेल्या ताईला घेऊन मी नुकतीच आठ दिवस तंजावरला जाऊन आले. "घराचं कोण बघणार?" हे तिचं पालुपद मोडायलाच दोन वर्षं लागली!

भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय सारं निवांत पाहिलं. राजराज चोळानं १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या देवळात तर तीनदा गेलो. तिथे सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख ताई अक्षर अक्षर लावत वाचत होती.

गाईडनं मग जुना तमिळ लेख दाखवला. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कुठल्या रस्त्यावर कुणाचं घर, सगळं त्यात आहे. ताई गप्पच झाली. मग म्हणाली, "हजार वर्षं यांची नावं टिकली. माझं तर लग्नातच तांदळाच्या ताटात बदललं गं."

काय बोलणार? परतीच्या गाडीत विचारलं, "ताई, तुला माहेरच्या नावानं हाक मारू?" मारली. ताईनं "ओ" दिली आणि पदर डोळ्यांना लावला.

बहिणीबरोबर तुम्हीही एकदा निघाच. आठ दिवस पोळ्या काय, कुणीही लाटेल!