ट्रॅव्हल्सनं निघालात? बसचा नंबर टाका, पासिंग आणि विमा मोबाईलवर बघा

पुण्या-मुंबईची ट्रॅव्हल्स ठरवताना बहुतेक जण तिकिटाचा दर, एसी आणि स्लीपर एवढंच बघतात. बसचं पासिंग चालू आहे का, विमा आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर ही माहिती सरकारी ॲपवर कुणालाही पाहता येते.

१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा जीव गेला. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली बस जळाली, त्यात १२ जण दगावले.

कसं तपासायचं?

मोबाईलवर ‘एम-परिवहन’ ॲप घ्या. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. मग बसचा नंबर टाका. फिटनेस (म्हणजेच पासिंग), विमा आणि पीयूसी कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते बघा. आठ वर्षांपर्यंतच्या बसचं पासिंग दर दोन वर्षांनी, त्यापेक्षा जुन्या बसचं दरवर्षी करावं लागतं. विम्याची तारीख मुद्दाम बघा. अपघात झाला तर भरपाईचा पैसा मुख्यतः त्यातूनच येतो. विमा संपलेला असेल तर घरच्यांना मालकाच्या मागे फिरावं लागतं.

नंबर कधी मागायचा?

अडचण इथंच आहे. तिकीट काढताना अनेकदा बसचा नंबर कळत नाही, तो निघायच्या काही तास आधी मेसेजवर येतो. म्हणून बुकिंग करतानाच एजंटला नंबर विचारा. ऐनवेळी गाडी बदलली तर पाटीवरचा नंबर पुन्हा टाकून बघा. पासिंग संपलेलं दिसलं तर पाटीचा फोटो काढून आरटीओकडे तक्रार करा.

कंपनीची माहिती कुठं मिळते?

अमेरिकेत बस कंपनीचं नाव टाकलं की तिच्या गाड्यांची मागच्या २४ महिन्यांतली तपासणी आणि अपघात सरकारी वेबसाईटवर दिसतात. आपल्याकडे एका बसचे कागद दिसतात, पण कंपनीचा सगळा हिशेब प्रवाशाला असा एका जागी मिळत नाही. तरी एक वाट आहे. आपल्या भागातल्या किती खासगी बस तपासल्या, कितींवर आणि कशासाठी कारवाई झाली, हे माहिती अधिकारात आरटीओला विचारता येतं. फी १० रुपये. उत्तर साधारण ३० दिवसांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

ॲपवर न दिसणाऱ्या गोष्टी

कागद चालू म्हणजे बस धोक्याची नाही, असं समजू नका. चढल्यावर संकटकालीन दार आणि काच फोडायचा हातोडा कुठं आहे, ते बघा. दारासमोर सामान रचलं असेल तर हलवायला सांगा. कायद्यानं चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. रात्रीच्या लांबच्या गाडीत दुसरा चालक आहे का, हे विचारायला लाजू नका. चालक पेंगताना दिसला तर गाडी थांबवायला सांगा. ऐकत नसेल तर ११२ ला फोन लावा.